शंका-समाधान : ‘मॉकिश’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : झाडीपट्टीतल्या एका नाटकाला इंग्रजी परीक्षणात ‘मॉकिश’ म्हटलं होतं. कोशात ‘भावनाप्रधान’ असा अर्थ दिसला. मग ही स्तुती समजायची का? हा शब्द आला कुठून?
– एक वाचक, वडसा परिसर

उत्तर : स्तुती नाही, टोमणा आहे. उत्तर इंग्लंडच्या बोलीत ‘मॉक’ (mawk) म्हणजे अळी. तीही आपल्या कपाशीवरची बोंडअळी नव्हे (ती पतंगाची), तर सडक्या मांसात वळवळणारी माशीची अळी. मूळ शब्द जुन्या नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या भाषेतला. सतराव्या शतकात ‘मॉकिश’चा अर्थ होता मळमळणारा. मग तो मळमळ आणणाऱ्या, मिळमिळीत चवीला लागला आणि पुढे तशाच भावनेला. चेष्टा करणं या अर्थाचा ‘मॉक’ (mock) वेगळा; उच्चार जवळचा म्हणून घोटाळा होतो.

मराठीत ‘गुळचट’ सगळ्यात जवळचा, कारण त्यातही चव शाबूत आहे. ‘भावनाप्रधान’ लिहिलं की नापसंतीच गळून जाते. आई वारल्यावर मुलगा रडला, तर ते मॉकिश नव्हे. तोच मुलगा पेटीच्या सुरावर तिसऱ्यांदा तेच वाक्य घोळवत हुंदके देऊ लागला, की खुशाल म्हणा.

अर्थाने याचा शेजारी ‘मॉडलिन’. चित्रांत रडताना दिसणाऱ्या, येशूची शिष्या मेरी मॅग्डलीन हिच्या नावावरून तो आला. ऑक्सफर्डच्या मॅग्डलेन कॉलेजचा उच्चार आजही ‘मॉडलिन’च करतात. दारू चढल्यावर गळ्यात पडून रडणाऱ्याला मात्र हाच शब्द शोभतो.