माझ्या साध्या 1.2 पेट्रोल गाडीला टर्बो बसवता येतो का? चोर्ला घाटात दम लागतोय

टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) बसवता येतो, पण रोजच्या गाडीला बसवू नका. मी बेळगावच्या उद्यमबागेत इंजिनाचंच काम करतो, बघा, अशा इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं ते) साधारण 10-11 असतं, त्यात वरून हवा कोंबली की नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसणं) होऊन पिस्टन जातात, मग कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन, मोठे इंजेक्टर, दाबलेली गरम हवा थंड करायला इंटरकूलर, टर्बोला ऑइलची लाइन, ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) ट्यूनिंग, क्लच सगळंच आलं, नुसता टर्बो स्वस्तात मिळाला म्हणून काही होत नाही. वर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, गाडीतल्या बदलांबद्दलचं, परवानगीशिवाय केलं तर आरसी आणि इन्शुरन्स दोन्ही अडकतं. बूस्ट (टर्बोच्या हवेचा जादा दाब) अगदी कमी, 0.3 बारच्या आसपास ठेवून नीट ट्यूनिंग केलं तर मूळ पिस्टनवरही जमतं, पण ते ट्रॅकच्या गाडीला. घाटासाठी आधी एअर फिल्टर, प्लग, क्लच बघून घ्या.