वॉरंटी १५ वर्षांची, तक्रारीची मुदत २ वर्षांची

प्रश्न : नेरूळच्या घरी स्वयंपाकघराचं काम काढलं, तेव्हा एल आकाराचा पांढरा क्वार्ट्झचा ओटा बसवला, जाडी २० मिमी. पाच महिन्यांत हॉबच्या (ओट्यात कापून बसवलेल्या गॅस शेगडीच्या) मागच्या कोपऱ्यातून भेग निघाली. दुकानदार म्हणतो गरम कुकर ठेवला असेल. कंपनी म्हणते कटिंगची चूक. कटिंगवाला म्हणतो स्लॅबच खराब होता. भेगेचा पहिला फोटो पाठवून २१ महिने झाले. बिल ९४ हजारांचं आहे, फिटिंगचे २२ हजार रोख दिले. वॉरंटी १५ वर्षांची असल्याने घाई नाही ना? दुकानदार आता भेगेत इपॉक्सी (चिकटवणारं रसायन) भरून देतो म्हणतो आणि एका कागदावर सही मागतो. वॉरंटी कार्ड आणि मी तयार केलेला नोटिशीचा मसुदा सोबत जोडलाय.

उत्तर : घाई आहे, ताई. तुमच्या हातात जेमतेम तीन महिने उरले आहेत. वाशी, ऐरोली, घोडबंदर रोडवरून येणाऱ्या अशा पत्रांत हाच गैरसमज असतो. वॉरंटीची १५ वर्षं हे कंपनीचं आश्वासन. ग्राहक आयोगात जाण्याची मुदत कायद्याने ठरवलेली आहे : ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. तुमच्या बाबतीत हे कारण भेग दिसली त्या दिवशी घडलं, आणि ती तारीख तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर नोंदलेली आहे. मधले २१ महिने ‘माणूस पाठवतो’, ‘दिवाळीनंतर बघू’ अशा निरोपांत गेले. त्या निरोपांनी मुदत वाढत नाही. वकिलाच्या नोटिशीने वाढत नाही, १९१५ या ग्राहक हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानेही नाही. उशीर माफ करण्याची सोय त्याच कलमात आहे, पण सबळ कारण दाखवावं लागतं, आणि ‘दुकानदार आज-उद्या करत होता’ हे कारण फार लंगडं आहे. वॉरंटी नाकारल्याच्या तारखेपासून मुदत मोजा, असा युक्तिवाद करता येतो. तो टिकेलच असं नाही, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

आता भेगेकडे या. तिघांपैकी खरं कोण बोलतंय, हे हॉब उचलल्यावर बरंचसं कळतं. गॅस बंद करा, कनेक्शन जाणत्या माणसाकडून सोडवा आणि कापलेल्या चौकटीचा आतला कोपरा नीट बघा. तो गोल हवा, साधारण १० मिमी त्रिज्येचा. काटकोनात टोकदार असेल, किंवा ग्राइंडरचं पातं कोपऱ्याच्या पुढे जाऊन बारीक चीर पडली असेल आणि भेग नेमकी तिथूनच सुरू होत असेल, तर बोट कटिंगकडे जातं. स्लॅबवरचा सगळा ताण त्या टोकावर एकवटतो. कोपऱ्याला मोजपट्टी लावून, तारीख दिसेल असे फोटो घ्या. खाली वाकून आधारही तपासा : हॉबच्या पुढची अरुंद पट्टी अधांतरी आहे का, कडप्प्याच्या उभ्या फाळक्यांवर ओटा सगळीकडे टेकलाय का. क्वार्ट्झमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास दगडाची भुकटी आणि बाकी पॉलिएस्टर रेझिन असतं. गॅसवरून उतरवलेला तवा थेट ठेवला तर हे रेझिन भाजतं आणि बहुतेकदा पिवळट किंवा पांढुरका डाग मागे राहतो. तसा डाग नसेल तर दुकानदाराचा कुकर बराचसा हवेत विरतो. उष्णतेनेही टोकदार कोपऱ्यातली भेग वाढू शकते, म्हणून मी छातीठोक सांगत नाही. पण हॉबसाठी कापून दिलेला ओटा हॉबची ऊब सहन करणारा असायलाच हवा.

वॉरंटी कार्डातलं ‘कटिंग व फिटिंगचे दोष वगळून’ हे वाक्य घेताना वाचलं असतंत, तर कटिंगवाला कोणाचा माणूस हे तेव्हाच लिहून घेतलं असतंत. २२ हजार रोख, पावती नाही, ही तुमच्या बाजूची सर्वांत कच्ची कडी. त्या दिवशी बँकेतून पैसे काढले असतील तर ती नोंद आणि ‘आमचा माणूस येईल’ असा दुकानदाराचा मेसेज शोधा. तो सापडला तर दुकानदाराला कटिंगवाल्यापासून हात झटकणं अवघड जाईल. तक्रारीत तिघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा, म्हणजे त्यांचं एकमेकांकडे बोट दाखवणं आयोगासमोर होईल.

तक्रार ‘सदोष माल’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ यांवर उभी करा. नोटिशीच्या मसुद्यात ‘उत्पादन दायित्व’ लिहून दहा लाख मागितलेत, ते काढा. उत्पादन दायित्वासाठी कायद्याने केलेल्या ‘हानी’च्या व्याख्येत खुद्द वस्तूचं नुकसान धरलेलंच नाही. तुम्ही मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्क नाही. अर्ज ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होतो. नेरूळ ठाणे जिल्ह्यात येतं आणि तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. बिलावर दुसऱ्या शहराच्या न्यायकक्षेचा शिक्का असला तरी. (खारघर, कामोठ्याच्या वाचकांनी मात्र रायगड जिल्हा धरावा.) चॅटच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा. एखाद्या आर्किटेक्टचा पाहणी अहवाल शपथपत्रावर घ्या. प्रयोगशाळेत तपासणीची वेळ आली तर स्लॅबच्या मागच्या स्टिकरवरचा बॅच नंबर लागेल. सिंकच्या भोकाचा तुकडा भंगारात दिला नसेल, तर जपून ठेवा.

निकाल कधी? कायदा म्हणतो सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि वर्षं जातात. लोकांचा ओटा मोडलेला, स्वयंपाक रोजचा, आणि आयोगात जागा रिकाम्या, हे संतापजनक आहे. म्हणून मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर ऐका, फक्त रक्कम आणि तारीख कागदावर घ्या.

भेग अजून वाढू नये म्हणून त्या बाजूचा बर्नर वापरू नका. ब्लीच, अ‍ॅसिड लावू नका. साबणाचं कोमट पाणी पुरे. नाहीतर गैरवापराचा आरोप आयताच मिळेल.

आणि तो इपॉक्सीचा कागद. त्यात ‘फुल अँड फायनल’ असे शब्द असतील तर सही करू नका. इपॉक्सी भरली की भेग कुठून सुरू झाली हे दिसायचं बंद होतं. हॉबखालचे फोटो आणि पाहणी झाल्याशिवाय त्या माणसाला ओट्याला हात लावू देऊ नका.