पैसे आले, महसूल कधी? : डिझाइन सॉफ्टवेअर कंपन्यांविषयी प्रश्नोत्तरे

डिझाइन सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांच्या वार्षिक महसुलाविषयी येणाऱ्या पत्रांत एकच गैरसमज वेगवेगळ्या शब्दांत दिसतो. ग्राहकाने पैसे भरले त्याच दिवशी कंपनीचा महसूल झाला, असे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते. म्हणून काही प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : ‘ऑटोकॅड’ बनवणाऱ्या ऑटोडेस्कचा ‘आर्थिक वर्ष २०२५’चा महसूल नेमका कोणत्या काळाचा?

उत्तर : ३१ जानेवारी २०२५ रोजी संपलेल्या वर्षाचा, त्यातले अकरा महिने २०२४ मधले आहेत.

प्रश्न : जुन्या अहवालानुसार ऑटोडेस्कचा महसूल एका वर्षात जवळजवळ पाचव्या हिश्श्याने घटला होता. ग्राहक सोडून गेले होते का?

उत्तर : नाही. जानेवारी २०१६ मध्ये संपलेल्या वर्षात कंपनीचा महसूल सुमारे २५० कोटी डॉलर होता. पुढच्या वर्षी तो सुमारे २०३ कोटींवर आला आणि त्या वर्षी सुमारे ५८ कोटी डॉलरचा निव्वळ तोटाही झाला. एवढे दोन आकडे पाहून कंपनीचे दिवस भरले असे सांगत सुटणाऱ्यांनी अहवालाची पुढची पाने उलटली नव्हती, हे उघड आहे. २०१६ मध्ये ऑटोडेस्कने कायमस्वरूपी परवान्यांची नवी विक्री थांबवली आणि ग्राहकांना वर्गणीकडे वळवले. कायमस्वरूपी परवाना विकला की त्याच्या किमतीचा मोठा भाग लगेच महसुलात धरता येत असे. वर्गणीचे पैसे मात्र जसजसे दिवस सरतात तसतसेच धरावे लागतात.

समजा, एका वास्तुविशारदाने १ नोव्हेंबरला वर्षाच्या वर्गणीचे १,२०० डॉलर भरले. ३१ जानेवारीला कंपनीचे वर्ष संपते तेव्हा तीनच महिने झालेले असतात. महसुलात ३०० डॉलर येतात, आणि उरलेले ९०० बँकेत जमा असूनही ताळेबंदात ‘डेफर्ड रेव्हेन्यू’ या नावाने देण्यांच्या बाजूला बसतात, कारण तेवढ्या महिन्यांची सेवा कंपनी अजून देणे लागते. असे लाखो ग्राहक एकदम वर्गणीकडे वळले की ग्राहकसंख्या वाढत असतानाही महसूल खाली येतो. ‘फोटोशॉप’ बनवणाऱ्या अ‍ॅडोबीने २०१३ मध्ये हाच मार्ग धरला, तेव्हा तिचा महसूल ४४० कोटी डॉलरवरून सुमारे ४०६ कोटींवर आला. २०१५ मध्ये तो ४८० कोटींच्या आसपास होता आणि २०२४ मध्ये २,१५० कोटींच्या वर गेला.

तरीही प्रत्येक वर्गणीला हाच नियम लावू नका. यंत्रभागांच्या आरेखनाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या पीटीसीसारख्या कंपनीत, ग्राहकाच्या स्वतःच्या संगणकांवर चालणाऱ्या मुदतीच्या परवान्याचा मोठा भाग मुदत सुरू होताच महसुलात धरला जातो. त्यामुळे ग्राहकांनी एकाऐवजी तीन वर्षांचे करार केले की त्या वर्षाचा महसूल फुगतो आणि पुढच्या वर्षी, काहीही बिनसलेले नसताना, ओसरतो. म्हणून ती कंपनी वार्षिक आवर्ती महसुलाचा, म्हणजे ‘एआरआर’चा, आकडा पुढे ठेवते; चालू करारांतून वर्षाकाठी किती रक्कम येते ते तो सांगतो. कोणती पद्धत लागू आहे हे अहवालातील लेखाधोरणांच्या टिपणात दिलेले असते. ते उमगत नसेल तर लेखापालाकडून समजून घ्या, आणि मगच दोन कंपन्यांची तुलना करा.

प्रश्न : डॉलर वधारला तर अमेरिकी कंपनीचा महसूल वाढतो ना?

उत्तर : उलट होते. युरो किंवा येनमध्ये केलेली विक्री डॉलरमध्ये मांडताना कमी भरते.

प्रश्न : बांधकाम व्यवसायात मंदी आली की परिणाम लगेच दिसतो का?

उत्तर : पूर्वी दिसत असे. जागतिक मंदीच्या काळात ऑटोडेस्कचा महसूल सुमारे २३१ कोटी डॉलरवरून जानेवारी २०१० मध्ये संपलेल्या वर्षी सुमारे १७१ कोटींवर घसरला, कारण नोकरभरती थांबली की नवे परवाने लागत नाहीत आणि जुन्या आवृत्तीवर काम भागते. आता एखाद्या कार्यालयाने दहापैकी चार आरेखक कमी केले, तरी वर्गणीच्या नूतनीकरणाची तारीख येईपर्यंत महसुलाच्या आकड्यात काहीच हलत नाही. त्यामुळे नूतनीकरणाचे प्रमाण आधी पाहावे.

प्रश्न : फिग्मा या डिझाइन सॉफ्टवेअर कंपनीची खरेदी मोडल्यावर अ‍ॅडोबीने दिलेले १०० कोटी डॉलर महसुलातून वजा झाले का?

उत्तर : नाही, तो खर्च आहे.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, महिनाअखेरीपर्यंत तीन वर्षांची वर्गणी घ्या, नाहीतर दर दुप्पट होतील. कंपनीला महसूल वाढवण्यासाठी असे करावे लागते का?

उत्तर : महिनाअखेरीची घाई बहुतेक वेळा विक्रेत्याच्या स्वतःच्या उद्दिष्टाची असते. दरवाढीची कंपनीची लेखी सूचना मागा. ती मिळत नसेल तर सही करू नका. शिवाय तीन वर्षांचे आगाऊ पैसे घेतल्याने कंपनीची रोकड वाढते, त्या वर्षाचा महसूल तेवढ्याने वाढतोच असे नाही. ऑटोडेस्कने २०२३ मध्ये बहुवार्षिक करारांची आकारणी दरवर्षी करायला सुरुवात केली, तेव्हा मुक्त रोख प्रवाह, म्हणजे कामकाजाचा आणि भांडवली खर्च भागवून हाती उरणारी रोकड, सुमारे २०० कोटी डॉलरवरून १३० कोटींच्या खाली आला आणि महसूल मात्र वाढला.

याच्या उलट प्रकारही आहे. सप्टेंबर २०२४ पासून ही कंपनी उत्तर अमेरिकेत ग्राहकाला थेट विक्री करते आणि विक्रेत्याला मोबदला देते. पूर्वी विक्रेत्याची सूट वजा जाता उरणारी रक्कम महसुलात येई; आता ग्राहकाने मोजलेली किंमत महसुलात येते आणि मोबदला खर्चात. विक्री तेवढीच, आकडा मोठा. त्यानंतरच्या वाढीतला हा भाग बाजूला काढल्याशिवाय तिचे कौतुक करू नये, आणि शेअर घेण्याचा विचार असेल तर नोंदणीकृत सल्लागाराला हा प्रश्न मुद्दाम विचारावा.

प्रश्न : सॉफ्टवेअर चोरून वापरणारे सगळे पैसे भरू लागले तर महसूल दुप्पट होईल, असे ऐकले.

उत्तर : ऐकीव आकड्यांवर मी उत्तर देत नाही. चोरून वापरणारा प्रत्येक जण पैसे भरणारा ग्राहक होत नसतो. पुष्कळ जण स्वस्त किंवा मोफत पर्यायाकडे जातील. परवान्यांची तपासणी करून कंपन्या थकीत रक्कम वसूल करतात, हे मात्र खरे. आपल्या कार्यालयाला तसे पत्र आले असेल तर ते टेबलाच्या खणात ठेवू नका आणि अंदाजाने उत्तरही धाडू नका. किती संगणकांवर काय बसवले आहे याची यादी करून ती आधी वकिलाला दाखवा.