ग्रुप टूरवर जुनं प्रेम पुन्हा भेटतं, अशी विनोदी कथा पटेल का?

पटेल की! मी युरोपच्या ग्रुप टूर नेलेला माणूस आहे. दोघांना एका टूरवर आणणं सोपं. त्यांना दहा मिनिटं एकांत मिळवून देणं महाकठीण. विनोद तिथेच आहे.

तुम्ही लिहिलंय की दोघंही साठीचे, कॉलेजात ताटातूट झालेली, आणि ती टूरवर आहे हे त्याला थेट विमानतळावर कळतं. यादीत नाव आधी दिसलं नाही का, असं कुणीतरी विचारणारच. पण त्या पिढीतल्या बाईचं आडनाव सासरचं, मधलं नाव नवऱ्याचं आणि पुष्कळदा पहिलंही बदललेलं. पासपोर्टवरून कॉलेजातली मुलगी ओळखणार कशी? त्यामुळे या योगायोगाबद्दल खुलासे देत बसू नका.

आयफेल टॉवर टाळा. खरी जागा म्हणजे बस. रोज सीट बदलतात: एका बाजूचे पुढे सरकतात, दुसऱ्या बाजूचे मागे. म्हणजे कुठल्या दिवशी ती आपल्या रांगेत पलीकडे येणार, याचा हिशेब नायकाला मांडता येतो. तो दिवस उजाडतो, नायक इस्त्रीचा शर्ट घालून येतो, आणि कुणा काकांना बस लागते म्हणून टूर मॅनेजर तिलाच उठवून काकांना तिथे बसवतो. (हे पाप आम्ही नेहमी करतो.)

पहिला संवादही फार काव्यमय नको. तिकडे चालकाला साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते. जर्मनीत हायवेवर टॉयलेटला बऱ्याच ठिकाणी नाणं टाकावं लागतं. इतक्या वर्षांनी ती त्याला म्हणते, "सुटे आहेत का?" बदल्यात कुपन मिळतं आणि ते तिथल्याच दुकानात चालतं, म्हणजे कॉफीचं निमित्तही झालं. तेवढ्यात चिवड्याचा डबा घेऊन कुणीतरी टपकतंच.

स्वित्झर्लंडमधल्या टिटलिस या बर्फाच्या डोंगरावर नेणार असाल तर वर जाताना शेवटच्या टप्प्यात गोल फिरणारी केबल कार आहे. जेमतेम पाच मिनिटांचा प्रवास, पण अख्खा ग्रुप एकाच केबिनमध्ये. मनातलं बोलायला याहून वाईट जागा नाही, म्हणून तिथेच बोलू द्या.

आणि तिची रूममेट, एकट्याच आलेल्या दुसऱ्या बाई, यांना खाष्ट करू नका. पहिल्या रात्री अनोळखी असलेल्या या बाईंना तिसऱ्या रात्रीपर्यंत तिचं सगळं आयुष्य पाठ होतं. कथा पुढे ढकलायला त्यांच्यासारखं पात्र नाही.

शेवट मुंबई विमानतळावर मुलं न्यायला आलेली, असा करू नका. तो सगळेच करतात. आदल्या रात्री जेवणानंतर आम्ही फीडबॅक फॉर्म भरून घेतो. त्यात 'पुढची टूर कुठली?' असा रकाना ठेवा. त्याने जपान लिहावं, तिने केरळ. आणि फॉर्म गोळा करता करता रूममेट बाईंनी तिचं केरळ खोडून तिथे ठळक अक्षरांत जपान लिहावं.