‘सेपरेशन’ लिहिलंय, पण कुणाचं?

“मॅडम, आमच्या घरात खरंच काही भांडण नाही. मग हे सेपरेशन कुणाचं?”

खुर्चीत टेकायच्या आधीच तिनं कागद पुढे केला. उघडून-मिटून घडीवर मऊ पडलेला. मुलांच्या डॉक्टरांनी दोनच शब्द लिहिले होते : सेपरेशन अँक्झायटी. तिच्या थोरल्या बहिणीचा संसार मोडला, तेव्हा हा शब्द त्यांच्या घरात पहिल्यांदा आला होता. आपल्याही घराबद्दल डॉक्टरांना शंका आली, या धसक्यानं दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. कागद नवऱ्यालाही दाखवला नव्हता. १४ महिन्यांचा मुलगा मांडीवर होता, ओढणीचं टोक मुठीत गच्च धरून.

या शब्दानं धास्तावलेली ती पहिली आई नव्हे. म्हणून मी आधी शब्दच सोडवून सांगितला. दुधातून साय वेगळी काढणारं यंत्र म्हणजे सेपरेटर. दोघांना सेपरेट खोल्या दिल्या म्हणताना कुणाचं काही बिनसलेलं नसतं. अर्जात ‘सेपरेटेड’वर खूण करणारी माणसंसुद्धा वेगळी राहत असली, तरी कायद्यानं नवरा-बायकोच असतात, घटस्फोटाला इंग्रजीत डिव्होर्स हा निराळा शब्द आहे. आणि या कागदावरचं सेपरेशन म्हणजे आई नजरेआड होणं, अँक्झायटी म्हणजे त्यापायी बाळाला वाटणारी भीती. बस, तेवढंच.

साधारण आठव्या महिन्यापासून बाळाला उमगू लागतं की, दिसेनाशी झाली तरी आई कुठेतरी आहे. ती परत कधी येईल, हे मात्र कळत नाही. म्हणून आकांत. दीड वर्षापर्यंत तो जोरात असतो, तिसऱ्या वर्षाच्या आसपास बहुतेकांचा ओसरतो. या वयात हा आजार नाही. मोठ्या मुलाची झोप, खेळ किंवा शाळा यापायी महिनाभर अडली, तर मात्र नीट तपासून घ्यावं.

“मी तर तो खेळात रमला की गुपचूप सटकते,” ती हळूच म्हणाली.

नेमकं हेच नको. आई न सांगता गायब होते हे एकदा कळलं, की मूल खेळतानाही दारावर डोळा ठेवतं. मी तिला तिथंच करून बघायला लावलं. “आई आलीच हं,” म्हणून ती बाहेर गेली आणि अर्ध्या मिनिटात परतली. तो ओरडून रडला. दुसऱ्यांदाही रडला. तिसऱ्यांदा ओठ काढून दाराकडे बघत राहिला, हातातली ओढणी तोंडात घालून. ती या वेळी त्याच्यापाशीच ठेवली होती. निरोप छोटा, रोज त्याच शब्दांत, आणि सांगितलं तसं परत येणं. घरी याचाच सराव करायला सांगितला.

निघताना तिनं दारातूनच नवऱ्याला फोन लावला. “अहो, एक कागद दाखवायचा राहिलाय. घाबरू नका, आपल्या दोघांबद्दल नाहीये.”