वेगळे राहताना आरोग्य विम्याचे काय?

प्रश्न : सात महिन्यांपासून मी मुलीसह राजारामपुरीत माहेरी राहते. घटस्फोटाचा दावा अजून कोणीही दाखल केलेला नाही. आम्हा तिघांची आरोग्य विम्याची एकत्रित पॉलिसी पतीच्या नावावर आहे. ‘पुढच्या नूतनीकरणाला तुझे नाव काढून टाकतो,’ असे ते म्हणतात. मला मधुमेह आहे. त्यांना असे करता येते का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पत्नीचे नाव विम्यात ठेवलेच पाहिजे, असे थेट सांगणारे कलम आपल्याकडे नाही, पॉलिसी त्यांच्या नावावर असल्याने नूतनीकरणाच्या वेळी ते तुमचे नाव वगळू शकतात. मात्र त्यामुळे तुमच्या औषधपाण्याची जबाबदारी टळत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ मधील निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवाऱ्याबरोबर वैद्यकीय उपचारही येतात. घटस्फोटाचा दावा नसतानाही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगी मागता येते. अर्जात विम्याचा हप्ता आणि दरमहाची औषधे यांचा खर्च वेगळा दाखवून, निकाल लागेपर्यंत अंतरिम रक्कम मागावी. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

मला खरी काळजी वाटते ती नूतनीकरणाच्या तारखेची, कारण न्यायालयाची तारीख तिच्यासाठी थांबत नाही. मध्ये खंड पडला, तर नव्या पॉलिसीत मधुमेहासाठीचा प्रतीक्षा काळ (ज्या काळात त्या आजाराचा खर्च कंपनी देत नाही) पुन्हा पहिल्यापासून मोजला जाईल आणि तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो. म्हणून चालू कंपनीला आत्ताच लेखी पत्र देऊन, सलगतेचा लाभ, म्हणजे आधीच्या पॉलिसीत सरलेला प्रतीक्षा काळ, कायम ठेवून स्वतःच्या नावे पॉलिसी मिळेल का, हे विचारावे. दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचे, म्हणजे हा लाभ घेऊन पॉलिसी तिकडे हलवायची असेल, तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो, आणि आजार पाहून ती कंपनी नकारही देऊ शकते. तेव्हा एकाच दारावर विसंबू नये. अर्जात मधुमेह मुळीच लपवू नये. जुन्या पॉलिसीचे कागद सासरी अडकले असतील, तर ई-कार्डावरचा क्रमांक देऊन कंपनीकडे प्रती मागाव्यात.

तोवर दवाखान्यात दाखल व्हावे लागलेच, तर कंपनीच्या यादीतल्या रुग्णालयात कॅशलेस सोय घ्यावी. आधी खिशातून बिल भरले, तर परताव्याची रक्कम साधारणपणे पॉलिसीधारकाच्या, म्हणजे तुमच्या पतीच्याच, खात्यात जमा होते.