फिल्टर नवे, तरी गाडी उचल घेईना

प्रश्न : माझ्या जुन्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या दोन्ही एसयू कार्बोरेटरचे (इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) एअर फिल्टर मी स्वतः बदलले. आता आयडलला इंजिन ठीक चालतं, पण ॲक्सिलरेटर दाबला की गाडी उचलच घेत नाही. फिल्टर खराब निघाले का?

उत्तर : फिल्टरला बोल लावू नका, आधी फिल्टर आणि कार्बोरेटर यांच्यामधलं गॅस्केट (सांधा हवाबंद ठेवणारी पातळ चकती) बघा. हीच चूक करून मी अख्खा रविवार प्लग घासण्यात घालवलाय! कार्बोरेटरच्या तोंडाशी, बोल्टच्या भोकांखेरीज दोन बारीक भोकं असतात. त्यांतून कार्बोरेटरमधल्या पिस्टनच्या (इंजिनातल्या नव्हे; हा वर उचलला गेला की हवेची वाट मोठी होते) खालच्या बाजूला बाहेरची हवा पोचते. गॅस्केट उलटं बसलं की ती झाकली जातात, पिस्टन वर उचलला जात नाही आणि इंजिन गुदमरतं. गॅस्केट फिरवून भोकांवर भोकं आणा. फिल्टर चढवण्याआधी पिस्टन बोटाने उचलून सोडा. खाली ‘टक्’ वाजलं पाहिजे.